लेकरांसाठी सोयीचा समुद्र

आम्ही इटलीत पोहोचलो तेव्हा माझ्या लेकीचं बाळ जाऊन पाच आठवडे झाले होते. आठव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती.

मी दिग्रसजवळच्या शाळेत मास्तरीण होते आणि माझे यजमान एसटीत कंडक्टर. दोघंही निवृत्त. लेक आणि जावई बोलोन्याला राहायचे. जावई तिथं एका कारखान्यात इंजिनिअर. सहावा महिना लागल्यापासून लेक फोनवर एकच म्हणायची, "आई, तू ये ना. याईची कारखान्यात ड्युटी असते. दिवसभर घरात एकटीच मी."

माझा व्हिसा झाला होता. तिकीट तेवढं काढायचं होतं. पण तेव्हाच मुलाचं यवतमाळात घर बांधून होत आलं होतं आणि गृहप्रवेशाला मला राहायचंच होतं. दारात उभं राहून पाहुण्यांना या म्हणायची माझी हौस होती. यजमान म्हणाले, "तू जाय. घर काय पळून जाते?" मी ऐकलं नाही. लेकीला सांगितलं, आठवा सरू दे, मग येते.

बाळ गेलं त्या दिवशी सकाळपासून तिला बाळाची हालचाल जाणवत नव्हती. झोपलं असेल म्हणून तीही पडून राहिली. गोड खाल्लं, कूस बदलली, वाट पाहिली. जावई संध्याकाळी आला आणि तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आला असता तर कदाचित. घरात एखादी जाणती बाई असती तर तिनं सकाळीच नेलं असतं, हे कोणी मला म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

मी जाताना ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी, सांडगे, सगळं बांधून नेलं होतं. लेक ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची आणि तसाच ठेवून उठायची. असे बारा दिवस गेले. मग एका रविवारी जावई म्हणाला, "मामी, समुद्रावर जाऊ. छत्री घेऊन ठेवली आहे आपण."

तिकडे किनाऱ्यावरच्या छत्र्या लोक हिवाळ्यातच अख्ख्या उन्हाळ्यासाठी ठरवून टाकतात. या दोघांनी बाळ धरूनच ठरवली होती. तो किनारा लेकरांसाठी सोयीचा म्हणून निवडला होता. शंभर पावलं आत गेलं तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. उंच खुर्चीवर बसून एक जण सतत पाण्यावर नजर ठेवतो. मागं झोके, घसरगुंड्या.

शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी करावीत तशा निळ्या-पांढऱ्या छत्र्यांच्या रांगा होत्या. जिकडं पाहावं तिकडं लेकरं. नागडी, अंगाला पांढरं मलम फासलेली, वाळूत उपडी पडलेली. आमच्या छत्रीखाली चार खुर्च्या होत्या. लेक पाण्याकडे पाठ करून बसली. यजमान बूट न काढता खुर्चीच्या काठावर बसले, गाडी सुटायच्या आधी बसत तसे.

शेजारच्या छत्रीत एक म्हातारी होती, तीन नातवंडांना घेऊन आलेली. मागच्या उन्हाळ्यापासून ती लेकीला ओळखत होती आणि वसंतात तिनं तिचं पोटही पाहिलं होतं. लेकीला पाहून ती हसत हसत आली, इकडं तिकडं शोधलं आणि विचारलं, "बंबीनो?"

बंबीनो म्हणजे बाळ, एवढा एक शब्द मला कळला. लेकीनं त्यांच्या भाषेत एक छोटंसं वाक्य सांगितलं. म्हातारीचं हसू गेलं. सरळ वाळूत बसली, लेकीच्या पायाशी.

थोड्या वेळानं उठून ती रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेली. तिथं तव्यावर मैद्याच्या जाड पोळ्या भाजून देत होते. पियादिना म्हणतात तिला. आत मऊ पांढरं चीज आणि कडवट पाला घालून दुमडायची. ती एका हातात तशी पोळी घेऊन आली, दुसऱ्या हातात कागदाच्या पुड्यात तळलेले मासे, आपल्या अरुणावतीच्या धरणातल्या बारक्या माशांएवढे, वरून लिंबू पिळलेलं. म्हातारीनं पोळीचा घास तोडून लेकीच्या तोंडापाशी धरला. लेकीनं खाल्ला. मग दुसरा. मग पोळी हातात घेऊन अख्खी संपवली आणि बोटं चाटत मासेही खाल्ले.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. माझ्या छातीत मात्र जाळ पेटला. म्हातारी नातवंडांमागे पाण्याकडे गेली, तसं माझ्या तोंडून निघालंच, "माह्या हातचं काहून नाई खात मग?"

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. "ते म्हातारी न बलावता आली अन् बसली. तुले दोन महिने बलावलं मी, आई. दोन महिने. काहून नाई आली तू?"

जावई खाली पाहू लागला. तेवढ्यात यजमान बोलले, "तिले मी अडवलं. ते तर बॅग भरून बसली होती. मी म्हटलं, पोराच्या घराचं होऊ दे अगोदर."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समुद्राकडे पाहत होते. तेव्हाच मी बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले.

लेक जोरात बोलली नाही. "बाबा, तुम्ही?" एवढंच म्हणाली. त्यानंतर आम्ही महिनाभर तिथं होतो. ती माझ्याशी बोलू लागली, माझी भाकर खाऊ लागली. बापाला मात्र चहा पुढं ठेवायची नि निघून जायची. परत येताना विमानात मी त्यांना म्हटलं, "काहून केलं तुम्ही असं?"

"राहू दे," ते म्हणाले. "पोरीले आई लागते."

दिग्रसला आल्यावर लेकीचा फोन रोज माझ्या मोबाईलवर यायचा. ते जवळच बसून ऐकायचे. शेवटी मी विचारायची, बाबांशी बोलतेस? ती म्हणायची, नंतर. दीड वर्ष असंच चाललं. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचं हृदय बंद पडलं.

ती आली तेव्हा अंत्यविधी उरकला होता. त्यांच्या पुण्यानुमोदनाला विहारातले लोक आले, बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आई, मी माफ केलं त्याईले. जुना माणूस होता. त्याईले काय समजत होतं?"

आणखी एकदा गप्प बसता आलं असतं. पण मला ते सहन झालं नाही. मी सांगितलं. त्यांनी मला जा म्हटलं होतं, मीच राहिले, आणि समुद्रावर ते खोटं बोलले.

तिनं विचारलं, "त्याईनं तुले मागून कधी म्हटलं नाई, आता सांगून दे म्हणून?"

"नाही."

ती उठली आणि मोरीतली भांडी घासायला बसली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू बस." तिसऱ्या दिवशी तिचं विमान होतं. आता ती फक्त रविवारी फोन करते. शुगरची गोळी घेतली का विचारते, भावाचं विचारते, आणि ठेवते.