वाळूच्या गाण्याचा सत्कार

मी अंडरग्राउंड रॅपर आहे असं घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "का रं, पोलीस मागं लागलेत व्हय?" तिची चूक नाही. प्रवरेकाठच्या आमच्या गावात माणसाला लपायला दुसरं कारण नसतं. मग तिला एक गाणं ऐकवलं. शेवटपर्यंत निमूट ऐकलं तिनं आणि म्हणाली, "कांद्याच्या लिलावातला मानूस तुझ्यापरीस सावकाश बोलतो, बाबा."

तर अशी आमची कारकीर्द. कंपनी नाही, मॅनेजर नाही, सगळा स्वतंत्र कारभार. स्टुडिओ म्हणजे गव्हाच्या कोठ्यांची खोली. दाराला गोधडी, डोक्यावर गोधडी, आणि आत मी घामानं निथळत क्रांती करतोय. शेजारची म्हैस हंबरली की क्रांती पुन्हा पहिल्यापासून. संगमनेरच्या कॉलेजातला एक मित्र मोबाईलवर बीट बनवून द्यायचा. ऐकणारे म्हणजे मी, तो, आणि कुठला कोण जाणे एक पोरगा, जो प्रत्येक गाण्याखाली आगीचं चित्र टाकून पसार व्हायचा.

वाळूचं गाणं मात्र खोटं नव्हतं. आमचे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, त्यांचं रान नदीला लागून. भाऊंच्या टिपरांनी नदीतून एवढी वाळू उपसली की काठ खालून पोकळ झाला आणि तात्यांच्या रानाचा नदीकडचा तुकडा, गुरांसाठी लावलेल्या उभ्या घासासकट, धाडकन खाली गेला. हे भाऊ कोण, तर गावचे भाऊ. त्यांना पद कोणतं हे कुणालाच धड सांगता येत नाही, पण कुठल्याही फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो त्यांचा. तात्या कचेरीच्या चकरा मारून दमले. एक दिवस माझ्याजवळ बसून म्हणाले, "तू एवढं भरभर बोलतो, तर माझं तेवढं बोल की. माझं कोन ऐकंना. ऱ्हायलंय तेवढं रान तरी वाचंल." मला भरून आलं. मी गोधडी ओढली आणि जीव ओतला.

*नदीच्या पोटात खड्डा, खड्ड्यात तात्याचं रान,*
*भाऊच्या दारात टिपर, टिपराला हाराचा मान!*

गाणं टाकलं, ते गावभर फिरलं आणि दोन्ही गुडघे शाबूत आहेत ना, हे रोज सकाळी चाचपून बघायला लागलो. आठवड्याच्या आत भाऊंची पोरं बुलेटवर दारात हजर. मी मागच्या दारानं सटकायच्या बेतात, तर आईनं त्यांच्यासाठी चहा टाकलेला. त्यातला एक बशी फुंकत म्हणाला, "भाऊंचा वाढदिवस हाय. तुझा सत्कार ठेवलाय."

आमच्याकडं विरोधकाला धमकी देत नाहीत, फेटा बांधतात. पोरगं दहावी झालं, सत्कार. फौजदार बदलून आला, सत्कार; बदलून गेला, तरी सत्कार. शाल खांद्यावर पडली की भल्याभल्यांची तोंडं बंद झालेली मी बघितलीत. पण मी पण हट्टाला पेटलो. म्हटलं, जायचं आणि त्यांच्याच माईकवर, त्यांच्या तोंडावर सगळं गाणं म्हणायचं. तात्या कडक इस्त्रीची टोपी घालून पहिल्या रांगेत बसले.

स्टेजवर वेगळीच आणीबाणी. निवेदकाचा घसा बसलेला आणि मान्यवरांची नावं घ्यायची बाकी. एक नाव राहिलं तरी गावात जन्माचं वैर. "तू घे रे, तुझं तोंड चालतंय," म्हणून माईक माझ्या हातात कोंबला. मग काय, चेअरमन, व्हाइस चेअरमन, आजी, माजी, भावी, सगळे एका दमात, बीटवर घेतले. टाळ्यांचा नुसता कडकडाट! माझ्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या, त्याही मान्यवरांच्या नावांना. च्यायला, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग गाणं म्हटलं. अक्षर गाळलं नाही. 'भाऊ' शब्द आला की पोरं शिट्ट्या मारत होती. गाण्यात भाऊंचं नाव आलं ना, झालं तर मग! खड्डा कसला नि रान कुणाचं, ऐकतो कोण? टिपरांचे ड्रायव्हर स्टेजपुढं घाम फुटेस्तोवर नाचले. भाऊंनी स्वतःच्या हातानं मला शाल घातली आणि माईक घेतला. "अशी परखड पोरं गावाला पायजेत. मी सोता याच्या पाठीशी हाय!" तात्यांनाही वर बोलावून नारळ दिला. तात्या माझ्या कानाला लागले, "आता थांबंल ना रं उपसा?" म्हटलं, "एवढ्या लोकांसमोर बोललेत, थांबंल की."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या रानात गेलो, तर बांधावरून टिपर येत होता नदीकडं. टेप फुल आवाजात, आणि गाणं माझं. तात्या दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले. ड्रायव्हर खाली उतरला आणि मला बघून हरखलाच. "आयला, आर्टिस्ट! काय वाजवलं राव तुमी काल! एक फोटो पायजे." माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मोबाईल दिला तात्यांच्या हातात. "तात्या, काढा की. मागं नदी येऊ द्या." मी संतापानं त्याचा हात झटकला, तर त्यानं हसत पुन्हा टाकला. तात्यांनी एक डोळा बारीक करून मोबाईल धरला. ड्रायव्हर फोटोत मावेना, म्हणून मला घेऊन एकेक पाऊल मागं सरायला लागला.

तात्यांनी मोबाईल खाली घेतला.

"मागं सरू नगा रं," ते म्हणाले, "तिथं आता रान न्हाई."