सुभेदारांच्या पोरांना शिकवलेला डिफेन्स

आता तुमच्यापासून काय लपवायचं? निम्म्या जुळे सोलापूरला हे माहीत आहे आणि उरलेल्या निम्म्याला महानंदामावशी गाठून गाठून सांगतेच आहे. त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका. निदान माझी बाजू तरी कळेल. म्हणजे, माझी बाजू अशी काही नाहीच म्हणा. पण ऐका.

मला फुटबॉलचा नाद. खेळायचा नाही हो, बघायचा आणि त्यावर बोलायचा. विलायतेतल्या एका क्लबचा मी पंधरा वर्षं भक्त आहे. नाव सांगत नाही, सध्या सांगण्यासारखी परिस्थिती नाही. दर उन्हाळ्यात ट्रान्सफरचा बाजार भरला, की हे लोक बचावातला चांगला माणूस विकतात आणि गोल मारणारा आणतात, जो गोल मारत नाही. आणि बचाव शिकवायला कोच कोण? कुणीच नाही! मला सांगा, घराचं दार उघडं टाकून कुणी टीव्ही घ्यायला जातं का?

हे सगळं मी रोज फोनवर मित्राला ऐकवायचो. मी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. मशिनींच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळं घरातही माझं कुजबुजणं तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातं.

एका रविवारी महानंदामावशी, म्हणजे आईची मावसबहीण, माझ्यासाठी स्थळ शोधायच्या तयारीनं आली. मी आत फोनवर. मावशीनं विचारलं, पोरगा नोकरी सोडून आणखी काय करतो? आई आधीच वैतागलेली. म्हणाली, "काय करतोय? सकाळ-संध्याकाळ डिफेन्सचं कोचिंग आणि ट्रान्सफर. दुसरं काय सुचतंय का त्याला?"

झालं! आपल्याकडं डिफेन्सचं कोचिंग म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सैन्यभरतीची तयारी. पळणं, जोर-बैठका, लेखी परीक्षा. गल्लोगल्ली बोर्ड लागलेत त्याचे. मावशीनं धरलं, की मुलगा भरतीच्या पोरांना शिकवतो, आणि वर लोकांच्या बदल्यांमधलंही त्याला कळतं.

हे रत्न तिनं थेट दुधनीजवळच्या एका गावात नेऊन दाखवलं. तिथं एक रिटायर सुभेदार राहतात. गावातल्या पोरांना सैन्यभरतीसाठी फुकट तयार करतात, पण हाताखाली कुणी नाही. त्यांची मुलगी गिरिजा, वय एकतीस, गावातल्याच सरकारी शाळेत शिक्षिका. तिची सोलापूरला बदली व्हावी म्हणून सुभेदार अर्ज करून करून थकलेले. म्हणजे बघा, त्यांच्या दोन दुखण्यांवर मावशीनं एकच औषध नेलं. मी.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त फोटो कळला. गिरिजा फोटोत हसत नव्हती, पण आत्ता हसेल असं वाटत होतं. मी तो फोटो इतक्या वेळा बघितला, की त्या आठवड्यात क्लबनं कुणाला विकलं तेही मला आठवत नाही. यावरून काय ते समजा.

आई मात्र घाबरलेली. तीन स्थळं ह्या नादापायी गेली होती. एका घरी तर मुलगी चहा घेऊन समोर उभी आणि मी मोबाइलवर स्कोअर बघत होतो. म्हणून निघताना आईनं मला सिद्धरामेश्वराची शपथच घातली. फुटबॉल हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मी शपथ घेतली. आणि पाळली, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं ती पाळल्यामुळं झालंय.

सुभेदारांनी दारातच कानडीत "बर्री, बर्री, कुंद्री" म्हणून हाताला धरून बसवलं. भरघोस मिशी, ताठ पाठ. भिंतीवर त्यांच्या तरुणपणचा फोटो. आठ जवान, हाफ पँटी, हातात ढाल. मी मनात म्हटलं, अरे वा, पलटणीची टीम! पायाशी जाडजूड दोर पडला होता, तो मला दिसला नाही. रस्सीखेचीची टीम होती ती. पण भक्ताला सगळीकडं देव दिसतो, त्याला कोण काय करणार?

चुरमुऱ्यांचा सुशला आणि बेसनलाडू आले. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मावशी म्हनत हुत्या, ट्रान्सफरमधलं तुमाला लई कळतंय. तुमचं काय मत हाय मग?"

माझ्या अंगावर काटा आला. पंधरा वर्षांत कुठल्याही वडीलधाऱ्या माणसानं मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी आईकडं बघितलं. आईचे डोळे मोठे झालेले. मी खुणेनंच सांगितलं, काळजी करू नकोस, तो शब्द काढत नाही. आणि खरंच नाही काढला. इतकं सांभाळून बोललो, इतकं सांभाळून बोललो, की त्या तासाभरात फुटबॉल सोडून सगळे शब्द आले.

मी म्हटलं, ट्रान्सफरमध्ये काही राम राहिला नाही. ज्याची गरज आहे त्याला हलवतात, ज्याला हलवायला पाहिजे तो वर्षानुवर्षं एका जागी बसून असतो. सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. चार वर्षं हेच म्हणत होते म्हणे ते. मग मला चेव आला. म्हटलं, एकदा ठरली की मात्र रडायचं नाही. घर लांब पडतं, तिथली भाषा कळत नाही, जेवण पचत नाही, ही कारणं मला चालत नाहीत.

तेवढ्यात गिरिजा चहा घेऊन आली. फोटोपेक्षा छान होती. माणूस शहाणा असता तर गप्प बसला असता. मी तिच्यासमोर आणखी ठासून बोललो. "आणि घ्यायचं तर तिशीच्या आतलं माणूस घ्यावं. तिशी उलटल्यावर कोण विचारतं? दोन वर्षांत गुडघे जातात."

आईनं डोळे मिटले. गिरिजानं कप माझ्यासमोर ठेवला, शांतपणे.

"तुमचं वय?"

"चौतीस," मी म्हटलं. अभिमानानं म्हटलं हो! मला वाटलं, ती चौकशी करतेय.

ती खुर्चीवर बसली. "म्हणजे जिथं गरज, तिथं माणसानं जावं, असं तुमचं मत?"

"ठाम मत."

"बायका-पुरुष, कुणीही?"

आता मी ज्यांच्याविषयी बोलत होतो ते सगळे पुरुषच. म्हटलं, "पुरुषानं तर आधी!"

गिरिजानं एकदा आईकडं बघितलं. साक्षीदार मोजतात तसं. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही.

सुभेदार खूश. म्हणाले, आता डिफेन्सचं सांगा. मी ताटलीतले चार लाडू काढून टेबलावर एका ओळीत मांडले. म्हटलं, हे आपले चौघं. एका रेषेत राहायचं. एकानं घाई केली की चौघंही मेले. सुभेदारांचे डोळे पाणावले. "ह्येच," म्हणाले, "ह्येच मी पोरांना सांगतूय." मग मी पाचवा लाडू पुढून आणला आणि समोरच्याला फसवून आत कसा घ्यायचा ते दाखवलं. ऑफसाइडचा सापळा म्हणतात त्याला, चौघं एकदम पुढं सरकले की तो एकटाच मागं सापडतो आणि रेफरी त्याला बाद धरतो. गिरिजा त्या लाडवांकडं टक लावून बघत होती. मला वाटलं, मुलगी इम्प्रेस झाली.

मग सुभेदार उठले. पोरं मैदानावर थांबलीत म्हणाले, अर्धा तास कोचिंग द्या.

शाळेचं मैदान. बावीस पोरं रांगेत. बावीस! मी मोजली आणि मला गहिवरून आलं. अकरा आणि अकरा. बॉल कुठं दिसेना, पण मी म्हटलं, गाव शिस्तीचं दिसतंय, खरा बचाव बॉलशिवायच शिकवतात. पोरं एका सुरात ओरडली, "जय हिंद सर!" मीही ओरडलो. पोट आत घेतलं. कट्ट्यावर गावातली दहा-पंधरा माणसं येऊन बसली. शाळेच्या पायरीवर आई, मावशी आणि गिरिजा.

एक गोष्ट कबूल करतो. मी जन्मात मैदानावर उभा राहिलो नव्हतो. पण जीभ कुठं थांबते? अकराजणांना हल्ला करायला लावलं, अकराजणांना बचाव. आणि बचाववाल्यांना सांगितलं, समोरचा धावून आला की अंगावर जायचं नाही. मागं सरकायचं.

सुभेदार जवळ आले. "मागं?"

"हो साहेब. मागं, मागं, अजून मागं. त्याला येऊ द्यायचं आपल्या हद्दीत."

"हद्दीत येऊ द्यायचं?" सुभेदारांची मिशी जराशी हलली.

"फसवायचं असतं ना त्याला. तो आत घुसला, की सगळ्यांनी मिळून एक पाऊल पुढं टाकायचं, आणि," इथं मी स्वतः करून दाखवलं, "हात वर."

पोरं आज्ञाधारक. शिट्टी वाजवली, अकरा पोरं पळत आली, अकरा मागं सरकली, एक पाऊल पुढं आली आणि अकराच्या अकरांनी हात आभाळाकडं केले. ते बघून हल्ला करणाऱ्यांनीही केले, कारण त्यांना वाटलं हा सगळ्यांसाठीच व्यायाम आहे. बावीस पोरं, चव्वेचाळीस हात. कट्ट्यावरचा एक म्हातारा उगीच आपला तोही हात वर करून बसला.

सुभेदार लाल झाले होते. पण आवाज अगदी हळू. "हात कशाला वर?"

"वर केल्याशिवाय कळणार कसं?"

"कुणाला?"

"निर्णय देणाऱ्याला. तो शिट्टी मारतो आणि आपण सुटतो. काही करावंच लागत नाही."

सुभेदारांनी पाठ आणखी ताठ केली. मग म्हणाले, "चोवीस वर्सं नोकरी केली. दुश्मन हद्दीत आल्यावर हात वर कराय आमाला कुनी शिकवलं न्हाय."

दुश्मन? हा कुठला क्लब? मी विचारणार होतो, तेवढ्यात पायरीवरून गिरिजाचा आवाज आला.

"आप्पा, साक री, पुरे. पावणं फुटबॉलचं सांगाय लागलेत."

पोरांचे हात अजून वरच, खाली घ्या म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. आईनं कपाळावर हात मारून घेतला. मावशी म्हणाली, अगो बाई, मग सैन्याचं नाही होय? सुभेदारांनी मला फक्त एवढंच विचारलं, "आन ती ट्रान्सफर?"

"ती पण फुटबॉलचीच," मी म्हटलं. शपथ मोडली ती तिथं. तोवर काही उरलंच नव्हतं.

येताना गाडीत आई अक्कलकोटपर्यंत एक शब्द बोलली नाही. अक्कलकोटला बोलली, ते न बोललेलं बरं होतं. मावशी म्हणे, तिची आता त्या भागात जायची सोय राहिली नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो. खरं सांगतो, मला रडू येत होतं. हसं झालं याचं नाही हो, ते रोजचंच आहे. ती मुलगी मला मनापासून आवडली होती, आणि मी तिच्या तोंडावर तिशीनंतर गुडघे जातात म्हणून सांगून आलो होतो. आठ दिवस मी कुणाशीही ट्रान्सफरवर बोललो नाही. मित्राला वाटलं, क्लब विकला की काय.

नवव्या दिवशी गिरिजाचा फोन आला.

मी आधी दहा वेळा माफी मागितली. मग धीर करून विचारलं, तुम्हाला कधी कळलं, की मी कशाबद्दल बोलतोय?

"लाडू मांडलात तेव्हाच. शाळेत पोरी खेळतात की माझ्या."

"मग मला थांबवलं का नाही?"

"तुमीच सांगितलंत ना, समोरच्याला येऊ द्यायचं. आत येऊ द्यायचं. मग हात वर." आणि ती हसली. फोटोत राहिलेलं हसू ते हेच. मग म्हणाली, आप्पांचा राग गेलाय, पोरं अजून हात वर करून त्यांना हसवतायत. तिचाही होकार आहे. फक्त एक आहे. बदली काही होत नाही, आणि आता तिला ती नकोच आहे. शाळेत दोनच शिक्षिका, तिची तिथं गरज आहे.

"आणि जिथं गरज, तिथं जायचं. पुरुषानं तर आधी. तुमच्या आईसमोर बोललात. मत ठाम आहे ना अजून?"

मी हो म्हटलं. बचाव शिकवायला मीच गेलो होतो.

तर मंडळी, ट्रान्सफर झाली. माझी. जुळे सोलापूरहून थेट सुभेदारांच्या शेजारच्या घरात, फ्री ट्रान्सफर, करार आजन्म. रोज गाडीनं सोलापूर, तिथून कंपनीच्या बसनं चिंचोळी, आणि संध्याकाळी परत. घर लांब पडतं, कानडी अजून निम्मीच कळते, पण तक्रार करायची सोय नाही. ही कारणं मला चालत नाहीत म्हणून मीच सांगून ठेवलंय.

रविवारी सकाळी सासरे मला त्या बावीस पोरांबरोबर सोळाशे मीटर पळवतात. पोरं पोचून, पाणी पिऊन, गप्पा मारत बसलेली असतात तेव्हा मी तिसऱ्या फेरीच्या वळणावर असतो. गुडघ्यांचं मी म्हटलं होतं ते अगदी खरं आहे. पायरीवर गिरिजा बसलेली असते. सुभेदार शिट्टी मारतात आणि मी जागच्या जागी थांबून दोन्ही हात वर करतो.

आता त्याचा अर्थ सुभेदार लावतात तोच असतो.