तंजावरचं शेवाळ, मिरजेची आमसुलं

लिहायला फार उशीर झाला, आधी त्याची माफी मागतो. तंजावरहून परत येऊन दोन महिने झाले. समुद्रशेवाळाची कृती विचारणाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारा विसरला. विसरलो नव्हतो, धीर होत नव्हता. माझं शिक्षण सातवीपर्यंत, आयुष्य मिरजेत पिठाची गिरणी चालवण्यात गेलं. मी वहीत लिहितो आणि सूनबाई सायबर कॅफेत जाऊन ते इथे ब्लॉगवर उतरवते.

आमची ही तंजावरच्या मराठी घरातली. लग्न होऊन आली तेव्हा मराठी बोलायची, पण वाचता यायचं ते फक्त तमिळ. देवनागरी अक्षरं मी शिकवली, गिरणीच्या फळीवर सांडलेल्या पिठात बोटाने काढून. गेल्या वर्षी गुडघेदुखी आणि साखर दोन्ही वाढली, म्हणून पंधरा दिवस बहिणीकडे गेली आणि तीन महिने झाले तरी परतेना. रविवारी एसटीडी बूथवरून फोन लावायचो, तर दर वाक्याला “भावजी म्हणतात”. भावजी म्हणतात भात कमी करा. भावजी म्हणतात कडल पासी खा. कडल पासी म्हणजे समुद्राचं शेवाळ. माझं एखादं वाक्य तिने असं दुसऱ्याला ऐकवलेलं मला आठवत नाही. शेवटी मी जायचं एक आणि परतीची दोन अशी तिकिटं काढली, पिशवीत पावशेर आमसुलं घेतली आणि निघालो.

मिरज ते बंगळूर एक रात्र. दिवसभर स्टेशनवर काढायचा आणि संध्याकाळच्या गाडीने पहाटे तंजावर. बसायची जागा सोडू नका, मी पाणी आणायला गेलो तेवढ्यात ती गेली. ट्रंकेला साखळी लावली होती, तरी चारदा उठून पाहिली.

स्टेशनवर ते भावजी, म्हणजे माझे साडू रामोजीराव, आले होते. निवृत्त मास्तर, माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, पाठ ताठ, आणि आले ते सायकलवर.

“बैसा, बैसा,” घरी ते म्हणाले. त्यांचं मराठी जुन्या पोथीतल्यासारखं, वर तमिळ हेल. “प्रवास सुखाचा जाहला?”

ही गच्चीवर होती. मिरजेत माळ्यावर चढ म्हटलं तर गुडघे दाखवणारी बाई, इथे शेवाळाच्या वाळवणावर पाणी शिंपडायला जिना चढत होती. खाली आल्यावर म्हणाली, “वाळलात की हो. जेवता ना?” मग लगेच बहिणीशी तमिळमध्ये काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी रामोजीराव मला शेवाळ घ्यायला अदिरामपट्टिनमला घेऊन गेले. तंजावरहून बस ओरत्तनाडूवरून पट्टुक्कोट्टैला जाते, तिथे बदलायची. तिकीट वीस रुपयांच्या आत. दोन्ही बाजूंना भातशेती, कालवे, नारळ. खिडकीची जागा त्यांनी मला दिली. ओरत्तनाडूचं मराठी राजाने बांधलेलं छत्रम, म्हणजे धर्मशाळा, दाखवून म्हणाले, “हे आपलं.” त्यांच्या “आपलं”मध्ये मी आहे की नाही, याचा विचार करत मी पुढचा तासभर बसलो.

दुकानात शेवाळ पोत्यात असतं, जांभळट, खारट वासाचं. दुकानदाराने माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं.

“पोट बिघडलंय काय, विचारतो,” रामोजीराव म्हणाले.

“सांगा, पोट ठीक आहे.”

“मग तोंड असं का, म्हणतो.”

आता कृती. शेवाळ पाचसहा पाण्यांत धुवा. गच्चीवर पसरा, पाणी शिंपडत तीनचार दिवस उन्हात ठेवा, पांढरं होतं. मूठभर घेऊन दोन पेले पाण्यात मंद आचेवर अर्धा तास उकळा. विरघळलं की फडक्यातून गाळा. फ्रिज लागत नाही, आपोआप थिजतं. शहाळ्याच्या पाण्याबरोबर किंवा मिरी घातलेल्या ताकात खायचं. एवढ्याने साखर गेली असं मी लिहिणार नाही. जेवणाआधी वाटीभर खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटतं, भात कमी जातो. हिचा कमी झाला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तिसऱ्या सकाळी रामोजीराव देवळात गेले, तेव्हा मी स्वयंपाकघरात शिरलो. मला दाखवायचं होतं की हे मलाही येतं, आणि माझं जास्त चांगलं लागतं. हिने आधीच वाळवून ठेवलेलं पांढरं शेवाळ घेतलं आणि उकळतानाच मूठभर आमसुलं टाकली. रंग सुरेख आला. गाळून ठेवलं. एक तास झाला, दोन झाले. पातेलं हलवलं की हिंदकळायचं.

रामोजीराव आले, त्यांनी चमचा बुडवून पाहिला. “आंबट घालून उकळलं की थिजत नाही. खाली उतरवून मग घालावं. पहिल्यांदा माझंही असंच जाहलं. लिंबू घातलं होतं.”

ते हसले असते तर बरं झालं असतं. हसले नाहीत, म्हणून मला जास्त राग आला. म्हणालो, “तुमचं सगळं बरोबरच असतं.”

हिने पातेल्यातलं पेल्यात ओतलं आणि उभ्या उभ्या प्यायली.

“आमसुलाची चव विसरले होते,” म्हणाली.

लगेच मी खिशातून तिकिटं काढली. “परवाची गाडी आहे.”

तिने तिकिटं पाहिली, पेला विसळला. “बघते.”

त्या गाडीने मी एकटाच निघालो. समोरचा बर्थ त्रिचीपर्यंत रिकामा होता. मग एक माणूस येऊन झोपला.

इथे रोज करतो. आमसुलं आता खाली उतरवल्यावर घालतो, छान थिजतं. करून पाहणाऱ्यांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकी काही अवघड नाही.

आता पुढचं तुझ्यासाठी. तिथल्या तुझ्या भाच्याला सांगितलंय, तो ऑफिसात हे छापून तुला आणून देईल. त्या घरात मराठी सगळे बोलतात, पण ही अक्षरं वाचणारी तू एकटी, म्हणून इथे लिहितो. रामोजीरावांना मी जे बोललो ते चुकलं, त्यांना तूच सांग. एका मुठीत दोन वाट्या होतात आणि दुसरी उरते. गिरणीत गच्चीवर जाणारा एक जिना आहे, तो मी दुरुस्त करून घेतला, कठडा लावला. यायचं आहे की नाही ते कळव. नाही असेल तरी कळव, फक्त लवकर.