बस्त्याच्या गल्लीतलं गोडाऊन

कमानीचं ड्रॉइंग मी तिसऱ्यांदा टेबलावर पसरलं, तेव्हा नाना चष्मा पुसत म्हणाले, "साहेब, वर गणपती बसवा नाहीतर हत्ती उभे करा. खालून गिऱ्हाईक गेलं पाहिजे."

नानांचं कापडाचं दुकान जळगावातल्या एका जुन्या गल्लीत आहे. लग्नाचा बस्ता बांधायला लोक इथेच येत. म्हणजे दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं गाडी करून यायची, गादीवर ठाण मांडायची आणि शालूपासून मानपानाच्या साड्यांपर्यंत सगळं एकाच दुकानातून घेऊन संध्याकाळी परतायची. कोपऱ्यावर मॉल झाला आणि बस्ते तिकडे वळले. तीन दुकानं बंद पडली. चौथं नानांचं असणार होतं. ही एक लग्नसराई काढून मग ते दुकान विकणार होते.

व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून गल्ली सुधारायचं काम मला दिलं. मी आर्किटेक्ट. त्यांना कमान आणि दिवे हवे होते.

पत्नी गेल्यानंतर हाती घेतलेलं हे माझं पहिलं काम. घरी पुस्तक उघडलं तरी पान उलटत नव्हतं, म्हणून बाहेरच जास्त वेळ काढायचो. फूटफॉल, म्हणजे दिवसभरात किती माणसं येतात-जातात, हे मोजायला आम्ही एरवी माणूस नेमतो. यावेळी मीच मॉलमध्ये जाऊन बसलो.

तिथे एरंडोलकडचं एक वऱ्हाड बस्त्याला आलं होतं. साड्या पसरून बघायला जागा नव्हती. म्हातारी माणसं सरकत्या जिन्याला बिचकून खालीच थांबली होती. माझ्याच बाकावर नवरदेवाची आत्या टेकली होती. मी विचारलं, "अक्का, गल्लीत बसायला गादी आहे, भावही कमी करतात. मग इकडे कसं?"

पुरुषमंडळी लांब आहेत ना, हे अक्कांनी आधी पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, आठे बायासनी सोय शे. तठे दिसभर कोठे जावानं?"

गल्लीत बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. बाजाराला जायच्या दिवशी माझी पत्नी सकाळपासून पाणी पीत नसे. चहासुद्धा अर्धा कप. मला ती तिची सवय वाटायची.

पुढच्या मीटिंगमध्ये मी कमान बाजूला ठेवली आणि त्या पैशात बायकांसाठी स्वच्छतागृह सुचवलं.

"लग्नाच्या शालूशेजारी संडास?" संघटनेचे अध्यक्ष म्हणाले. "गरज आहे, नाही कोण म्हणतंय. पण माझ्या भिंतीला नको."

कोणाच्याच भिंतीला नको होतं. एकाने चिमटा काढला, "पाटीवर काय लिहायचं? संडासाच्या बाजूचं साडी सेंटर?"

"पत्ता तरी लवकर सापडेल," नाना म्हणाले. हसणं थांबल्यावर ते पुढे म्हणाले, "माझं मागचं गोडाऊन घ्या."

"नाना, मग दुकान विकत घ्यायला कोणी पुढे येणार नाही," मी म्हणालो.

"आत्ता तरी कोण रांग लावून उभं आहे?"

काम छोटं होतं. दार मात्र मी बाजूच्या बोळातून घेतलं. दुकानात बसलेल्या पुरुषांसमोरून जावं लागलं असतं, तर एकही बाई गादीवरून उठली नसती. पाण्याची टाकी मोठी घेतली आणि साफसफाईला एक बाई कायमची ठेवायची, हे संघटनेकडून कबूल करून घेतलं. स्वच्छतागृह बांधणं सोपं असतं, ते रोज चालवणं अवघड.

त्या लग्नसराईत बोदवडकडच्या, एरंडोलकडच्या गाड्या पुन्हा गल्लीच्या तोंडाशी लागू लागल्या. पूर्वीइतक्या नाही. मॉलही भरलेलाच असतो. बंद दुकानांपैकी एक उघडलं, दोन तशीच आहेत. नाना दुकान विकायचं आता बोलत नाहीत, गोडाऊन गेल्यामुळे माल ठेवायला जागा पुरत नाही अशी तक्रार तेवढी करतात.

आमच्या ड्रॉइंगमध्ये रस्त्यावर माणसं दाखवायची पद्धत आहे. ती सगळी चालताना काढलेली असतात. बस्त्याला आलेली माणसं दिवसभर बसून असतात, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त बायका असतात, हे त्या ड्रॉइंगमध्ये कुठेच दिसत नाही.