डाव्या पायाचं इंजिन

इंग्लंडमधल्या डडलीच्या ओतशाळेत चाळीस वर्षं काढलेल्या क्लाइव्ह पार्जेटरने निवृत्तीनंतर एकच हट्ट धरला होता. साठ सालच्या सुमाराच्या एका उघड्या रेसिंग गाडीची हुबेहूब नक्कल घरामागच्या शेडमध्ये बांधायची आणि एकदा तरी स्वतः चालवत वेल्सच्या समुद्रापर्यंत न्यायची. सांगाडा झाला, फायबरची बॉडी बसली. इंजिनाची जागा तेवढी रिकामी होती.

इंजिन कोणतं, हा प्रश्नच नव्हता. आठ सिलिंडरचं! लहान इंजिन बसवणाऱ्यांना 'शिलाई मशीनवाले' हे नाव क्लाइव्हनेच ठेवलेलं. ऑटोमॅटिक गिअरवाल्यांना तर तो माणसांतही धरत नसे. क्लच दाबायचा कंटाळा असेल तर बसने जा म्हणायचा.

त्यामुळे यंदा तो लहान इंजिनांची पत्रकं चाळताना दिसला, तेव्हा ओतशाळेपासूनचा त्याचा मित्र रेग त्याला सळो की पळो करू लागला. क्लाइव्हने हसून वेळ मारून नेली. खरं म्हणजे रेगच्या गाडीत बसून पाहिलं, तेव्हा त्याला क्लच निम्मासुद्धा दाबता आला नव्हता. डावा पाय ऐकेनासा झाला होता. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, बरं होण्याचं काही बोलला नाही. लहान इंजिनाचा क्लच हलका असतो, एवढीच आशा क्लाइव्ह धरून होता. त्याने हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. मूर्खपणा, दुसरं काय.

एका शनिवारी रेगने विचारलं, "मग, दोरा कुठल्या रंगाचा भरायचा?"

क्लाइव्हला ते लागलं. "आठचंच घेऊ," तो म्हणाला. "पण ऑटोमॅटिक."

रेग हसायला गेला आणि मध्येच थांबला. चहा घेऊन आलेली ग्लेनिस दारातच उभी राहिली. नवऱ्याची डावी सपात घरभर निसटून पडते, हे ती महिनाभर बघत होती.

"कोणता पाय?" रेगने हळूच विचारलं.

"डावा. उजवा ठणठणीत आहे. ऑटोमॅटिकला तेवढा पुरतो."

इंजिन आलं. रेगने ते चार महिने खपून बसवलं आणि क्लाइव्ह स्टुलावर बसून चुका काढत राहिला. मे महिन्यात गाडी तयार झाली. रेग आणि ग्लेनिसने त्याला उचलून आत बसवलं. त्याने चावी फिरवली. त्या आवाजाने शेडचे पत्रे थरथरले आणि क्लाइव्ह लहान पोरासारखा हसला. त्याने पेडल दाबलं.

आवाज वाढला. मग वाढतच गेला. रेगने पुरे अशी खूण केली, पण आवाज कमी होईना. क्लाइव्ह खाली बघत होता. त्याचं हसू मावळलं होतं.

रेगने आत हात घालून चावी बंद केली.

"उचलला जात नाहीये," क्लाइव्ह म्हणाला.

ग्लेनिस वाकली. तिने त्याचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि पेडलवरून खाली ठेवला.