आप्पांनी वाचलेले ओठ

मालिकेच्या सेटवर आज मला कोरं धोतर दिलं. त्याच्या खळीचा वास आला आणि सोलापूरचे आप्पा आठवले. माझे वडील. कापडगिरणीत त्यांच्या सदऱ्याला हाच वास लागे. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. तिथले कामगार एकमेकांचे ओठ बघूनच बोलत.

सत्तरच्या दशकात गिरणी कामगारांच्या नाटकात मी घर सोडणाऱ्या मुलाचं काम केलं. शेवटचं वाक्य प्रेक्षकांकडे पाठ करून म्हटलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी चहा पिताना आप्पा म्हणाले, "समदं कळलं. शेवटाला तेवढा पाठमोरा झालास की. काय म्हनलास?"

मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "आप्पा, मी मुंबईला जातो."

"कवा?" त्यांनी विचारलं.

मी हसलो. नाटक आणि खरं यांत त्यांची गल्लत झाली, असं मला वाटलं. सिनेमात जायचा माझा बेत फक्त आईला माहीत होता. आप्पांना ऐकू येत नाही म्हणून आम्ही त्यांच्यासमोरच कुजबुजत असू.

कुजबुजताना ओठ हलतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.