कोंड्याला विकलेली मुलगी

मुलीची टाळू आत गेली होती. रडली तरी डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. आदल्या रात्रीपासून जुलाब चालले होते आणि सासूने पाण्याचा तांब्या उचलून फळीवर ठेवला होता. जुलाबात पोराला पाणी दिलं की आणखी पातळ होतं, असं आमच्याकडे सगळ्याच बायका मानायच्या. माझी आधीची दोन मुलं अशीच कोरड्या तोंडाने गेली. ही तिसरीही चालली, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात शेजारीण आली. ती घाटावरची. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा तिचा नवरा गवंडीकामाला आला आणि ती मंडळी आमच्या पडवीत राहिली. भात कापून झाला की माझा नवराही त्याच कामावर जायचा. शेजारणीची सगळी मुलं धडधाकट. म्हणून ही मुलगी झाली तेव्हा सासूने तिला सुपात घालून, मूठभर कोंडा घेऊन, शेजारणीला विकलं होतं. मुलं जगत नसली की असं करायचे. मूल दुसऱ्याचं झालं की मरण फसतं, अशी समजूत. मग ते वाढायचं आपल्याच घरात.

शेजारणीने मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. "हिला दवाखान्यात न्यायची. आत्ता."

"पोरगी कुठं जायची नाय," सासू म्हणाली. "सुई टोचली का संपली. आमच्या पोरीचं आमाला कळतं."

"तुमची? मावशी, कोंडा घेतला न्हवं माझ्याकडनं? द्या परत."

"तो कोंबड्यांनी खाल्ला."

"मग झालं तर. पोरगी माझी हाय. मी तिला पाणी पाजीन, न्हाईतर हिरीत पोहायला शिकवीन."

मुलगी आपली म्हणावी तर विधी मोडणार. शेवटी सासू माझ्यावरच खेकसली, "बघतेस काय? जा तिच्यासंगती. दूध तर तुझंच हाय!"

खडी घेऊन जाणारा ट्रक आम्ही हात करून थांबवला. बांधकामावर मजुरांसाठी दवाखाना होता. डॉक्टरांनी मांडीत कातडीखाली सुई घालून सलाइन सोडलं. मांडी फुगली, मग हळूहळू उतरली. दुपारनंतर मुलगी शेजारणीच्या लुगड्यावर मुतली आणि ती बाई हसत सुटली. डॉक्टर म्हणाले, मीठ घातलेली पातळ पेज आणि उकळलेलं पाणी चमच्याने देत राहा, थांबू नका. घरी सासूच चमचा घेऊन बसली. मला हातही लावू दिला नाही.

आजार तोच होता, पाणीही त्याच विहिरीचं होतं. आधीच्या दोघांच्या वेळी मजुरी नव्हती, ट्रक नव्हता, दवाखाना नव्हता, एवढाच फरक. पुढे बोईसरला कारखाने आले, घरोघर पगार आले आणि आमच्या आळीतली पोरं शाळेत जाण्याएवढी होऊ लागली. डोंगराकडच्या पाड्यांवर ते काही पोचलं नाही. तिथल्या बाया पोरं पुरतच राहिल्या. माया त्यांचीही कमी नव्हती.

माझी मुलगी जगली. तिच्यानंतरचे दोघे मुलगेही जगले.